राउटरपर्यंत आलेले इंटरनेट घरात का पोहोचत नाही? : दोष शोधण्याची पद्धत व उपाय

पावसाचा अंदाज, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भाव, सातबाराचा उतारा, ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा अर्ज आणि पीक विम्याची नोंद ही सर्व कामे आज एकाच वाटेने होतात. ती वाट म्हणजे इंटरनेट होय. पुण्यात १९३२ साली स्थापन झालेल्या कृषी हवामानशास्त्र विभागाचा सल्ला असो, राष्ट्रीय कृषी बाजाराची १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेली ई-नाम व्यवस्था असो, किंवा महाडीबीटीवरील एखादी योजना असो, तिचा लाभ वेळेवर घ्यावयाचा तर घरातील जोडणी चालू असावी लागते. अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे अखेरच्या दिवशी जोडणी बिघडली, तर होणारे नुकसान केवळ गैरसोयीपुरते राहत नाही. पूर्ण हंगामाच्या नियोजनावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

या बिघाडांपैकी एक प्रकार विशेष फसवा आहे. राउटरचे दिवे हिरवे असतात, मोबाइलवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, राउटरच्या पानावर जोडणी झाल्याचे लिहिलेले असते, आणि तरीही एकही पान उघडत नाही. म्हणजे इंटरनेट घराच्या दारापर्यंत आलेले असते, परंतु राउटर ते घरातील माणसांस वाटून देत नाही. अशा वेळी पुष्कळ कुटुंबे राउटर निकामी झाला असे समजून नवा विकत आणतात, आणि दोष दुसरीकडेच असल्यामुळे नव्या राउटरवरही तीच अडचण येते. पैसा जातो व दिवसही जातो. वास्तविक यातील बहुतेक दोष घरच्या घरी, कोणतेही खास हत्यार न वापरता, अर्ध्या तासात ओळखता येतात. त्याची रीत या लेखात क्रमवार दिली आहे.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याचा दूरसंचाराशी संबंध जुना आहे. परदेशाशी उपग्रहाद्वारे दळणवळण करणारे भारतातील पहिले भूकेंद्र १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी या गावी सुरू झाले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी देशात इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी साधारणपणे दूरध्वनीच्या एका तारेवर एकच संगणक जोडला जाई. तेव्हा वाटणीचा प्रश्नच नव्हता. आज एका मध्यम कुटुंबात मोबाइल, मुलांचा संगणक, दूरचित्रवाणी संच, आवारातील कॅमेरा आणि विहिरीवरील पंपाचे स्वयंचलित नियंत्रक अशी आठ-दहा उपकरणे सहज असतात. कंपनीकडून जोडणी मात्र एकच येते. ती सर्वांना वाटून देण्याचे काम राउटर करतो.

राउटरची चार कामे

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्याचे उदाहरण घेतले असता राउटरचे काम चटकन ध्यानात येते. वाड्याचा घर क्रमांक एकच असतो, परंतु आत अनेक बिऱ्हाडे नांदतात. टपालवाला दिंडी दरवाजापर्यंत येतो. त्यापुढे कोणते पत्र कोणत्या खोलीत द्यावयाचे हे वाड्यातील कोणीतरी जाणत्याने पाहावे लागते. राउटर हा तो जाणता कारभारी आहे. त्याची कामे पुढीलप्रमाणे :

(१) बाहेरचा पत्ता मिळविणे. राउटर चालू होताच तो कंपनीकडे पत्ता मागतो. ज्या छिद्रातून ही जोडणी येते त्यास वॅन असे म्हणतात.

(२) आतले पत्ते वाटणे. घरातील प्रत्येक उपकरणाला तो स्वतंत्र क्रमांक देतो, जसा वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाला खोली क्रमांक असतो. या पद्धतीस डीएचसीपी हे नाव असून तिचे पहिले प्रमाणपत्रक १९९३ साली प्रसिद्ध झाले. घरातील बाजूच्या छिद्रांस लॅन म्हणतात.

(३) पत्त्यांची अदलाबदल. आतल्या उपकरणाची मागणी तो बाहेरच्या एकाच पत्त्यावरून पाठवितो, ती कोणाची होती याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आले की ज्याचे त्याला पोहोचवितो. यास नॅट म्हणतात. ही कल्पना १९९४ साली प्रमाणपत्रकाच्या रूपाने मांडली गेली.

(४) नावावरून क्रमांक शोधून देणे. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, परंतु यंत्रांना क्रमांक लागतो. नावाचा क्रमांक शोधणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात, आणि राउटर आपली विचारणा तिच्याकडे पुढे पाठवितो.

ही अदलाबदल आवश्यक का झाली, हेही समजून घेणे उपयुक्त आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी एवढीच आहे. जगातील लोकसंख्या व उपकरणे पाहता ती अपुरी पडणार हे लवकरच दिसून आले. काही पत्ते केवळ घरगुती व कार्यालयीन वापरासाठी राखून ठेवण्यात आले, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. हे पत्ते पुण्यातील लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात, कारण ते वाड्याच्या आतले खोली क्रमांक आहेत. रस्त्यावर त्यांना अर्थ नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील जुन्या पत्त्यांचे शेवटचे गट वाटून संपले. नव्या पद्धतीचे पत्ते विपुल आहेत व त्यांचा वापर वाढत आहे, तथापि जुने पत्तेही अद्याप सर्वत्र वापरात आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही मोबाइल व राउटर यांमधील बिनतारी वाट आहे. तिचे चिन्ह पूर्ण दिसले, याचा अर्थ मोबाइल राउटरशी नीट जोडला गेला आहे एवढाच होतो. पुढे राउटरकडे इंटरनेट आहे की नाही, आणि असल्यास तो ते देतो की नाही, हे त्या चिन्हावरून कळत नाही.

तपासणीचे तत्त्व

खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा शहरातून हडपसरकडे आणि पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही, तर तो प्रथम आपल्या शेतातील पाट पाहतो, मग चारी, मग चारीचे दार, आणि शेवटी कालवा. जेथे एका बाजूस पाणी आहे व दुसऱ्या बाजूस नाही, तेथेच अडथळा आहे हे तो जाणतो. इंटरनेटची तपासणी याच तत्त्वाने करावी. कंपनीची तार, कंपनीची पेटी, आपला राउटर, वाय-फाय आणि उपकरण अशी ही पाच ठिकाणांची साखळी आहे. प्रवाह कोणत्या ठिकाणी तुटतो हे आधी ठरवावे, उपाय नंतर करावा. सर्व बटणे एकदम बदलून पाहिल्यास मूळ दोष सापडत नाहीच, शिवाय नवे दोष निर्माण होतात. एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहून ठेवावा.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी : एकच उपकरण की सर्व? एका मोबाइलवर पाने उघडत नसतील, पण घरातील दुसऱ्या मोबाइलवर उघडत असतील, तर राउटर निर्दोष आहे. मग त्या एका उपकरणातच दोष शोधावा. सर्वच उपकरणे बंद असतील तर पुढील पायरीकडे वळावे. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

दुसरी पायरी : खाते चालू आहे काय? वर्गणीची मुदत संपली असता अनेक कंपन्या जोडणी तोडत नाहीत. दिवे हिरवेच राहतात, परंतु पाने उघडत नाहीत किंवा केवळ पैसे भरण्याचे पान उघडते. म्हणून मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून खात्याची मुदत प्रथम पाहावी.

तिसरी पायरी : कंपनीच्या पेटीचे दिवे. काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार ज्या पेटीत येते तिला ओएनटी म्हणतात. बहुतेक पेट्यांवर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा. एलओएस या अक्षरांचा दिवा तांबडा लागला किंवा लुकलुकू लागला, तर तारेतून प्रकाशच येत नाही असे समजावे. तार कोठे करकचून वाकली आहे काय, फर्निचरखाली चेमटली आहे काय, हे बाहेरून पाहावे. याउपर घरी उपाय नाही, कंपनीस कळवावे. काचतंतूची तार स्वतः उपसू नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु इजा करू शकतो.

चौथी पायरी : तार योग्य छिद्रात आहे काय? कंपनीच्या पेटीतून निघणारी तार आपल्या राउटरच्या वॅन छिद्रात गेली पाहिजे. हे छिद्र बहुधा निराळ्या रंगाचे असते. साफसफाईच्या वेळी निघालेली तार चुकून लॅनच्या छिद्रात बसविली जाणे हा अगदी नेहमीचा दोष आहे. असे झाल्यास पेटी व राउटर दोघेही पत्ते वाटू लागतात. ज्यांना पेटीकडून पत्ता मिळतो त्यांचे काम चालते, आणि ज्यांना राउटरकडून मिळतो त्यांचे अडते. सकाळी चालणारा मोबाइल दुपारी बंद पडतो, असे विचित्र लक्षण दिसल्यास हा दोष आधी तपासावा. तार घट्ट बसताना टक असा बारीक आवाज येतो. टोकाची प्लॅस्टिकची जीभ मोडली असेल तर तार बदलावी.

पाचवी पायरी : क्रमाने बंद व क्रमाने चालू. पेटी व राउटर दोन्ही बंद करावीत. आधी पेटी चालू करून दोन ते तीन मिनिटे थांबावे, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर चालू करावा, आणि आणखी दोन मिनिटांनी मोबाइल जोडावा. यास कारण आहे. राउटर चालू होताना पेटी तयार नसेल, तर त्याला पत्ता मिळत नाही, आणि काही राउटर पुन्हा विचारण्यास बराच वेळ लावतात.

सहावी पायरी : उपकरणाला कोणता पत्ता मिळाला? मोबाइलमध्ये सेटिंग्जमधील वाय-फायच्या पानावर जोडणीच्या नावाला स्पर्श केला असता आयपी पत्ता दिसतो. संगणकावर विंडोज असल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. (आज्ञा इंग्रजी अक्षरांत व सर्व क्रमांक इंग्रजी अंकांत टाइप करावेत.) पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर वाटणी झाली आहे असे समजून पुढे जावे. काही राउटर १० किंवा १७२ ने सुरू होणारे राखीव पत्तेही देतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कोणीही पत्ता दिला नाही म्हणून संगणकाने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे. मोबाइल अशा वेळी पत्ता मिळवीत असल्याचे दाखवून थांबतो. राउटरमधील डीएचसीपी बंद पडलेले असते, किंवा वाटावयाच्या पत्त्यांची संख्या फार थोडी ठेवलेली असते. राउटरच्या पानावर ते चालू करावे व उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ अशी मर्यादा द्यावी. म्हणजे शंभर उपकरणांची सोय होते. एकाच उपकरणात हे लक्षण असेल, तर त्यात पूर्वी कोणी हाताने कायमचा पत्ता घालून ठेवला आहे काय हे पाहून तो आपोआप मिळेल असे करावे.

सातवी पायरी : राउटरचे स्वतःचे पान. ब्राउझरच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाइप करावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो. स्थिती दाखविणाऱ्या पानावर वॅनचा पत्ता शोधावा. येथे चार शक्यता संभवतात.

(अ) वॅनचा पत्ता चारही शून्ये असेल, तर कंपनीकडून काही आलेले नाही. जोडणीचा प्रकार पीपीपीओई असेल तर कंपनीने दिलेले वापरकर्ता-नाव व परवलीचा शब्द पुन्हा काळजीपूर्वक भरावा. राउटर नुकताच बदलला असेल तर आणखी एक कारण असू शकते. काही कंपन्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्यावर कारखान्यात घातलेला ओळख क्रमांक, नोंदवून ठेवतात व दुसऱ्या यंत्राला दाद देत नाहीत. कंपनीस कळवून नवा क्रमांक नोंदवावा.

(आ) वॅनचा पत्ता व घरातील पत्ते एकाच मालिकेतील असतील, तर दोन पत्त्यांची टक्कर झाली आहे. याचे सविस्तर उदाहरण पुढे दिले आहे.

(इ) वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तो दोष नव्हे. २०१२ साली राखून ठेवलेल्या या मालिकेतून कंपनी एक बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते. वाचन, अर्ज, पैसे भरणे या कामांत त्याने अडथळा येत नाही. मात्र गोठ्यावरील कॅमेरा दूरगावाहून थेट पत्त्यावरून पाहावयाचा असेल तर तो दिसणार नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचे मोबाइल ॲप वापरावे किंवा इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा.

(ई) वॅनचा पत्ता ठीक असेल आणि तरीही घरात इंटरनेट नसेल, तर दोष राउटरच्या वाटणीत आहे असे निश्चित होते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात : नॅट चालू आहे काय, राउटर चुकून ब्रिज किंवा ॲक्सेस पॉइंट या पद्धतीत गेला आहे काय, मुलांसाठी घातलेले वेळेचे बंधन घरातील सर्वांनाच लागू झाले आहे काय, ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश देणारी यादी चालू राहिली आहे काय.

आठवी पायरी : नाव की क्रमांक? संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन प्रथम राउटरचा पत्ता, नंतर ८.८.८.८ हा पत्ता, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव विचारावे. राउटरचे उत्तर आले नाही तर दोष वाय-फाय किंवा तारेत आहे. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर दोष राउटर किंवा कंपनीकडे आहे. क्रमांकाचे उत्तर येते पण नावाचे येत नाही, तर डीएनएस बिघडले आहे. अशा वेळी राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ व १.१.१.१ भरून ठेवावेत. जुन्या संगणकातील घड्याळाचा सेल संपून तारीख मागे गेली असेल, तर पिंगचे उत्तर येऊनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. म्हणून तारीखही एकदा पाहावी.

एक उदाहरण

द्राक्ष संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या मांजरीच्या बाजूस एका बागाईतदाराच्या घरी कंपनीने फायबरची पेटी बसविली आहे, असे समजा. पेटीचे वाय-फाय पॅकिंग शेडपर्यंत पोहोचत नाही, म्हणून त्यांनी बाजारातून दुसरा राउटर आणून शेडमध्ये लावला व पेटीपासून तार ओढून त्याच्या वॅन छिद्रात जोडली. राउटरच्या पानावर जोडणी झाल्याचे दिसते, मजुरांच्या हजेरीचा मोबाइल वाय-फायला जोडला जातो, परंतु पान उघडत नाही.

राउटरचे पान पाहता वॅनचा पत्ता १९२.१६८.१.५ असा, आणि राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ असा आढळतो. पेटीचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच आहे. येथे दोषाचे मूळ सापडते. बाहेर जावयाचे तर १९२.१६८.१.१ या दारातून जा, असे पेटीने राउटरला सांगितले. परंतु तो क्रमांक राउटरचा स्वतःचाच असल्यामुळे मागणी बाहेर न पडता त्याच्याच दारी परत येते. एकाच गल्लीत दोन वाड्यांना एकच क्रमांक दिला असता टपालाची जी गत होईल, तीच येथे झाली आहे. दोन्ही यंत्रे निर्दोष आहेत. केवळ त्यांची पत्त्यांची मांडणी जुळत नाही. अलीकडचे काही राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, परंतु सर्वच बदलत नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला : नव्या राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ असा करावा. मग दोन मालिका वेगळ्या होतात व काम चालू होते. दुसरा उपाय अधिक सुटसुटीत आहे. नव्या राउटरला वाटणीचे काम न देता केवळ वाय-फाय पसरविण्याचे काम द्यावे. त्यासाठी त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, पेटीच्या वाटणीच्या मर्यादेबाहेरचा ठेवावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे, आणि पेटीकडून आलेली तार वॅनऐवजी लॅनच्या छिद्रात जोडावी. बऱ्याच राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट नावाचा पर्याय असतो. तो निवडला म्हणजे यातील पहिल्या दोन गोष्टी आपोआप होतात. घरातील संगणक व शेडमधील छपाईयंत्र एकमेकांशी बोलावयाचे असतील, तर हा दुसरा उपायच योग्य होय.

लक्षणावरून दोषाची ओळख

• सर्व उपकरणे बंद, एलओएस दिवा तांबडा : बाहेरच्या तारेचा दोष, कंपनीस कळवावे.
• दिवे ठीक, फक्त पैसे भरण्याचे पान उघडते : मुदत संपली, वर्गणी भरावी.
• काही उपकरणे चालू, काही बंद, व ती आलटून पालटून बदलतात : दोन ठिकाणांहून पत्त्यांची वाटणी, एक डीएचसीपी बंद करावे.
• पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो : डीएचसीपी बंद किंवा पत्ते संपले.
• वॅनचा पत्ता चार शून्ये : वापरकर्ता-नाव, परवलीचा शब्द किंवा मॅक नोंदणीचा दोष.
• वॅन व लॅन एकाच मालिकेत : पत्त्यांची टक्कर, आतला पत्ता बदलावा.
• क्रमांक चालतो, नाव चालत नाही : डीएनएस बदलावे.
• राउटर वारंवार आपोआप बंद-चालू होतो : वीज देणारा अडॅप्टर क्षीण झाला, तेवढ्याच व्होल्टचा व पुरेशा ॲम्पिअरचा नवा आणावा.

वाय-फायच्या वाटेतील अडथळे

कधी वाटणी नीट होते, पण वाय-फायच पोहोचत नाही. जुन्या वाड्यांच्या दगड-विटांच्या जाड भिंती, लोखंडी गजांचा स्लॅब आणि पत्र्याची शेड ही तिन्ही बिनतारी लहरींना अडवितात. पाण्याची भरलेली टाकीही त्या शोषून घेते. २.४ गीगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात पण वेग कमी देतात. ५ गीगाहर्ट्झच्या लहरी वेग अधिक देतात पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. पंपाचे नियंत्रक व स्वस्त कॅमेरे पुष्कळदा फक्त २.४ गीगाहर्ट्झ ओळखतात. राउटरवर ती लहर बंद ठेवल्यास ही उपकरणे जोडलीच जात नाहीत. वस्ती दाट असेल तेथे २.४ गीगाहर्ट्झच्या १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी. राउटर कपाटात किंवा जमिनीवर न ठेवता घराच्या मध्यभागी उंचावर ठेवावा.

शेड दूर असेल तर तांब्याच्या तारेची एक ओढ १०० मीटरपेक्षा अधिक असू नये. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेणे वळवाच्या दिवसांत धोक्याचे असते, कारण जवळपास वीज पडल्यास तिचा धक्का तारेवाटे दोन्हीकडील यंत्रांस पोहोचतो. अशा ठिकाणी काचतंतूची तार वापरणे श्रेयस्कर. ती वीज वाहून नेत नाही.

खबरदारी

१. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज व पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. वीज परत आल्यावर पाचव्या पायरीतील क्रमानेच यंत्रे चालू करावीत. पेटी व राउटर यांस मिळून लहान बॅटरीची जोड दिल्यास वारंवार बंद पडण्याचा प्रश्न मिटतो.

२. मेघगर्जना सुरू होताच पेटी व राउटर यांचे प्लग काढून ठेवावेत.

३. बारीक छिद्रातील बटण दाबून राउटर मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा उपाय समजावा. त्याने कंपनीचे वापरकर्ता-नाव, परवलीचा शब्द व सर्व मांडणी पुसली जाते. आधी ही माहिती वहीत उतरून ठेवावी; राउटरच्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवले तरी चालते.

४. राउटरच्या पानाचा कारखान्यातील परवलीचा शब्द बदलावा. वाय-फाय उघडे ठेवू नये. अनोळखी माणसे जोडणी वापरू लागली, तर वेग मंदावतो व जबाबदारी आपल्यावर येते.

५. जोडणी दुरुस्त करून देतो असे सांगून कोणी दूरध्वनीवर ओटीपी मागितल्यास किंवा एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितल्यास तसे करू नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

६. मुदतीचे काम अखेरच्या दिवसावर ठेवू नये. जोडणी बंद पडलीच, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून संगणकास इंटरनेट द्यावे, किंवा जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज भरावा. राउटरची दुरुस्ती नंतर सावकाश करता येते. अर्जाची तारीख मात्र परत येत नाही.

कंपनीस कळविताना काय सांगावे

वरील आठ पायऱ्या करूनही दोष दूर न झाल्यास कंपनीकडे तक्रार नोंदवावी. केवळ नेट बंद आहे, एवढेच सांगितल्यास दूरध्वनीवरील कर्मचारी पुन्हा पहिल्यापासून विचारू लागतो. त्याऐवजी कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, वॅनचा पत्ता काय दिसतो, संगणक तारेने थेट पेटीला जोडला असता पान उघडते की नाही, आणि दोष कोणत्या दिवसापासून आहे, या चार गोष्टी सांगाव्यात. तारेने थेट जोडून पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की, पेटी ब्रिज पद्धतीत असेल तर संगणकातच वापरकर्ता-नाव भरावे लागते. ते न भरता पान उघडले नाही म्हणून पेटीस दोष देऊ नये. तक्रारीचा क्रमांक अवश्य लिहून घ्यावा.

सारांश

राउटरने इंटरनेट वाटून दिले नाही, तर प्रथम एक उपकरण की सर्व हे पाहावे. मग खाते, दिवे, तार, क्रमाने चालू करणे, उपकरणाचा पत्ता, राउटरचे पान आणि शेवटी नावाची व्यवस्था, असा क्रम ठेवावा. प्रवाह जेथे तुटतो तेवढीच जागा दुरुस्त करावी. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडून ही तपासणी एकदा जोडणी चालू असतानाच करवून घ्यावी, आणि पेटीचा व राउटरचा पत्ता, वॅनचा प्रकार, वापरकर्ता-नाव व कंपनीचा तक्रार क्रमांक एका कागदावर लिहून तो घरात सुरक्षित ठेवावा. परवलीचे शब्द मात्र वेगळे व जपून ठेवावेत. निरोगी पिकाची नोंद हाताशी असली म्हणजे रोगाचे पहिले चिन्ह लवकर ओळखता येते. जोडणीचेही तसेच आहे.